वॉरंटी आहे, पण कोणाची? बावीस हजार वाचवायला गेलो त्याची गोष्ट

(हा भाग ऐकायला जमला नसेल त्यांच्यासाठी बोललेला मजकूर इथे देतोय. बोलताना अडखळलो ती ठिकाणं तेवढी सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावलेत ना? मागे थोडा आवाज येईल, त्याकडे दुर्लक्ष करा. मी जामखेडमध्ये घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय आणि खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर चाललेत.

आजचा विषय कंटाळवाणा वाटेल, आधीच सांगतो. विषय आहे वॉरंटी. म्हणजे नवीन वस्तूच्या खोक्यात जो कागद निघतो, जो आपण न वाचता परत खोक्यात टाकतो आणि खोकं माळ्यावर टाकतो, तो कागद. त्या कागदानं मला चांगलाच धडा शिकवलाय. दिवाळी जवळ आलीये, तुमच्यातले बरेच जण मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यातलं काहीतरी घेणार. तेव्हा घ्यायच्या आधी हे वीस मिनिटं ऐका आणि मग खुशाल घ्या.

तर माझी गोष्ट. मी लग्नाचे फोटो काढतो. जामखेड, खर्डा, इकडे पाटोदा, आष्टी, तिकडे कर्जत, एवढा माझा टापू. दोन वर्षांपूर्वी जुना कॅमेरा थकला होता. अंधारात मंडपात फोटो काढला की नुसते दाणे दाणे. पार्ट्या आता रील मागतात, फोरके मागतात. म्हटलं, आता मिररलेस घ्यायचाच.

नगरला अधिकृत दुकानात भाव काढला. नुसत्या बॉडीचे एक लाख अडतीस हजार. घरी आलो, मोबाइलवर शोधलं. एका ऑनलाइन बाजारावर तोच कॅमेरा, तेच मॉडेल, एक लाख सोळा हजारांना. बावीस हजारांचा फरक! विक्रेत्याला साडेचार स्टार. खाली लिहिलेलं, 'ब्रँड न्यू, सीलपॅक, वॉरंटी १ वर्ष'. आता सांगा, जामखेडमधल्या एकट्यानं काम करणाऱ्या फोटोग्राफरला बावीस हजार म्हणजे किती होतात? एक चांगली लेन्स येते राव.

पैसे कसे उभे केले तेही सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. साठ हजार माझे साठवलेले. सोळा हजार मित्राकडून. आणि चाळीस हजार आईनं तिच्या बचत गटातून कर्ज काढून दिले. आईनं एकच प्रश्न विचारला होता, "बिघडला तर कुठं न्यायचा रे?" मी म्हटलं, "आई, वॉरंटी आहे." किती आत्मविश्वासानं म्हटलं असेल!

कॅमेरा आला. खरंच नवीन होता, सीलपॅक होता. नकली बिकली नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. चार महिने झकास चालला. फेब्रुवारीत खर्ड्याकडे एक लग्न होतं. हळदीचा कार्यक्रम चाललेला, नवरीच्या गालाला हळद लागतीये, मी बटण दाबलं आणि स्क्रीनवर एरर. बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, लेन्स बदलली. काही नाही. शटर अडकलेलं. हळदीचे उरलेले फोटो मोबाइलवर काढले. नवरीचे वडील काही बोलले नाहीत, पण त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ना, ती नजर अजून आठवते. दुसऱ्या दिवशीचं लग्न मित्राचा कॅमेरा भाड्यानं आणून काढलं आणि पार्टीला बिलात आठ हजार सोडले. मागून घ्यायला तोंडच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेलो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर काउंटरच्या ताईंनी कॅमेऱ्याच्या तळाचा सिरियल नंबर कॉम्प्युटरवर टाकला. मग परत टाकला. मग म्हणाल्या, "दादा, हा भारतात विकण्यासाठी आलेला पीस नाहीये. आमच्याकडे याची वॉरंटी लागणार नाही. पैसे भरून दुरुस्त करून देऊ." किती? सत्तावीस हजार चारशे.

मी बिल दाखवलं. त्या म्हणाल्या, "वॉरंटी लिहिलीये, पण ती ज्यानं विकला त्याची. आमची नाही."

मंडळी, आजचा सगळा भाग या एका वाक्यात आहे. वॉरंटी होती, फक्त कंपनीची नव्हती.

आता हे असं होतं कसं, ते समजून घेऊ.

वॉरंटी म्हणजे एक वचन असतं. वस्तू एवढ्या मुदतीत बिघडली तर मी दुरुस्त करून देईन, असं कोणीतरी म्हणतं. आपण 'वॉरंटी आहे' एवढंच ऐकतो, वचन देणारा कोण ते बघतच नाही. तो दोघांपैकी एक असतो. एक म्हणजे वस्तू बनवणारी कंपनी, किंवा तिची भारतातली शाखा. दुसरा म्हणजे विकणारा दुकानदार. कंपनीचं वचन असेल तर तिच्या कोणत्याही सर्व्हिस सेंटरवर चालतं. दुकानदाराचं वचन असेल तर तो दुकानदार फोन उचलतोय तोपर्यंत चालतं!

आणि कंपनीच्या वचनालाही बऱ्याचदा हद्द असते. कॅमेरे, टीव्ही, गेमचे कन्सोल यांची वॉरंटी अनेकदा ज्या देशासाठी तो माल बनवला त्या देशापुरतीच असते. कोणी दुबईत विकायचा माल घाऊक उचलतो, कोणी हाँगकाँगचा, कोणी सिंगापूरचा, आणि आडवाटेनं भारतात आणून विकतो. याला ग्रे मार्केट म्हणतात. माल खरा असतो, पण कंपनीनं ठरवलेल्या वाटेनं आलेला नसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदी केलेल्या जुन्या लोकांना विचारा. 'बिलाचा की बिनबिलाचा?' हा प्रश्न त्यांनी ऐकलेला असतो. आता तोच माल मोबाइलच्या स्क्रीनवर आलाय, आणि तिथे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

स्वस्त का मिळतो? त्या देशात मूळ किंमत कमी असू शकते. कधी आयातशुल्क चुकवलेलं असतं. कधी अठरा टक्के जीएसटी कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक असतो. आणि भारतात सर्व्हिस सेंटर चालवायचा, सुटे भाग साठवायचा खर्च त्या विक्रेत्याला नसतोच. म्हणजे मला जी बावीस हजारांची सूट वाटली, त्यात माझ्याच वॉरंटीचे पैसे होते. ते कापून त्यानं मला वस्तू स्वस्त दिली होती.

तुम्ही म्हणाल, मग हे बेकायदेशीरच असणार. थांबा. इथे गंमत आहे.

दिल्ली उच्च न्यायालयात कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग असा एक खटला गाजला. काही व्यापारी सॅमसंगचे खरेखुरे प्रिंटर परदेशातून आणून भारतात विकत होते. कंपनी म्हणाली, आमच्या परवानगीशिवाय आमच्या नावाचा माल आणता येणार नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत एका न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. पण त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो फिरवला. माल खरा असेल तर तो आयात करून विकायला ट्रेडमार्कचा कायदा आडवा येत नाही, असं खंडपीठ म्हणालं. पण एक अट घातली. ती अट आपल्या कामाची आहे. व्यापाऱ्यांनी दुकानात ठळक पाटी लावायची की हा माल बाहेरून आणलेला आहे, याला कंपनीची वॉरंटी नाही, कंपनी विक्रीनंतरची सेवा देणार नाही, वॉरंटी आणि सेवा आम्ही स्वतः देऊ.

म्हणजे काय? आडवाटेचा माल विकणं हा काही आपोआप गुन्हा ठरत नाही. करचुकवेगिरी केली तर ती भानगड वेगळी. पण गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं नाही, हा त्या अटीचा अर्थ. माझ्या कॅमेऱ्याच्या पानावर अशी पाटी होती का? नव्हती. फक्त 'वॉरंटी १ वर्ष'. कोणाची, ते नाही.

दुसरं उदाहरण कॉम्प्युटरवाल्यांसाठी. इंटेलनं २५ एप्रिल २०१६ पासून भारतासाठी वेगळं धोरण आणलं. खोकाबंद प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेला असेल तरच भारतात वॉरंटी मिळेल, असं त्यात होतं. मग बाहेरून माल आणणाऱ्या मॅट्रिक्स नावाच्या कंपनीनं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि २०१९ मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. कंपनीनं असा फरक करावा का, हा वादाचा मुद्दा आहेच. पण मोठ्या कंपन्या आणि आयोग जेव्हा वर्षानुवर्षं वाद घालत असतात, तेव्हा आपला पीसी गेमिंगच्या मधेच बंद पडलेला असतो, हे विसरू नका.

आता मोबाइलवाले. तुमच्यातले नव्वद टक्के हेच असणार, मला माहितीये! परदेशातला मोबाइल घेताना वॉरंटीच्या पलीकडे पण कटकटी असतात. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन चौदापासून पुढचे बघा, त्यांना सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम. कधी बाहेरच्या मोबाइलमध्ये आपल्याकडच्या फाइव्ह-जीच्या लहरींपैकी एखादी नसते. मग गावात रेंज आहे, शेजाऱ्याला येते, तुम्हाला येत नाही. जपानसाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो, दुसरी भाषा निवडायची सोयच नाही. बसा आता चित्रं बघत.

आणि अजून एक. माल भारतातलाच, कंपनीचाच, पण मधल्या कोणीतरी आधीच चालू केलेला. वॉरंटीचं घड्याळ बऱ्याच कंपन्यांत पहिल्यांदा चालू केल्याच्या तारखेपासून फिरायला लागतं. तुम्ही आज घेतला, पण घड्याळ सात महिन्यांपूर्वीच सुरू झालंय. सील परत चिकटवणं ही काही फार मोठी कला नाही.

बरं, आता घ्यायच्या आधी काय बघायचं? हे थोडं सावकाश सांगतो. वाटलं तर थांबवून लिहून घ्या.

पहिलं, विक्रेत्याचं नाव. आपण म्हणतो 'अमुक ॲपवरून घेतलं'. ॲप बऱ्याचदा विकतच नसतं, ते फक्त बाजाराचं मैदान असतं. ओटा वेगळ्याचा असतो. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांसाठी सरकारचा २०१६ पासून नियमच आहे की विकलेल्या मालाच्या वॉरंटीची जबाबदारी विक्रेत्याची. म्हणून किमतीच्या खाली बारीक अक्षरात 'विक्रेता' म्हणून कोणाचं नाव आहे ते उघडा. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आहेत, २०२० चे. त्यांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क ही माहिती बाजारानं द्यायला हवी. मग ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. बऱ्याच कंपन्या अधिकृत ऑनलाइन विक्रेत्यांची यादी देतात. नाव जुळवून बघा. यादी सापडत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल टाका, 'अमुक विक्रेत्याकडून घेतलं तर भारतात तुमची वॉरंटी लागेल का?' उत्तर लेखी मागा. फोनवरचं 'हो सर, लागेल सर' उद्या कामाला येत नाही.

दुसरं, 'वॉरंटी' हा शब्द दिसला की त्याच्या मागचा शब्द शोधा. मॅन्युफॅक्चरर, ब्रँड, की सेलर? काहीच लिहिलं नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि त्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. विकत घेता त्या दिवशीच्या पूर्ण पानाचा पण स्क्रीनशॉट ठेवा. ते पान उद्या बदललेलं असतं. माझ्या कॅमेऱ्याचं बदललं होतं.

तिसरं, बिल. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, कर्नाटकचे २९. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर तो नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की बंद, ते कळतं. फुकट. बिलावर सिरियल नंबर किंवा मोबाइलचा आयएमईआय छापलेला असावा. 'दादा, बिल घेतलं तर अठरा टक्के जास्त लागतील,' असं कोणी म्हटलं तर तो वॉरंटी नाही एवढंच सांगतोय, वेगळ्या शब्दांत.

चौथं, खोकं आलं की खोक्याचं लेबल वाचा. आयात केलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, एमआरपी, ग्राहक सेवेचा संपर्क हे असायलाच हवं. मोबाइल, लॅपटॉप, ॲडॉप्टर, पॉवर बँक अशा वस्तूंवर बीआयएसचा आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो तपासता येतो. माझ्या खोक्यावर रुपयातली एमआरपीच नव्हती! मी बघितलंच नाही. मी अनबॉक्सिंगची रील काढण्यात गुंग होतो.

पाचवं, परत करायची मुदत संपायच्या आत सिरियल नंबर कंपनीकडे तपासा. हे सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइल असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळतो का बघा. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून आयएमईआय, आणि १४४२२ ला पाठवा. संचार साथी ॲपवरही होतं. चोरीचा, ब्लॉक केलेला किंवा नंबर बदललेला असेल तर कळतं. कॅमेरा, लॅपटॉप, टीव्ही असेल तर कंपनीच्या साइटवर नोंदणी करून बघा. नंबर घेत नसेल तर तिथेच थांबा आणि वस्तू परत करा. मी हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर आजचा भाग झालाच नसता. दहा मिनिटांचं काम.

आणि इन्स्टाग्राम, टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर जे 'कस्टमचा माल, अर्ध्या किमतीत, आधी पाच हजार टाका' असं म्हणतात, त्यांच्याबद्दल वॉरंटीची चर्चा करायची वेळच येत नाही. तिथे बऱ्याचदा वस्तूच येत नाही. फसलात तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत फोन गेला तर थांबवता येण्याची शक्यता असते.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, "दादा, माझं तर आधीच घेऊन झालंय!" त्यांच्यासाठी आता बोलतो. आणि माझं पुढे काय झालं तेही सांगतो.

सर्व्हिस सेंटरवरून बाहेर आलो, विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "कुरिअर करा, बघू." कुठे करू? तर व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवला, तो बिलावरच्या पत्त्यापेक्षा वेगळा. मी म्हटलं, एवढा महागाचा कॅमेरा अनोळखी पत्त्यावर नाही पाठवणार. मग त्यानं फोन उचलायचं बंद केलं.

दोन दिवस मी नुसता चिडून बसलो होतो. आईला सांगितलं नव्हतं. बचत गटाचा हप्ता भरायला गेली की वाटायचं, आता विचारेल. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "कॅमेरा दिसंना?" सांगितलं सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बिल आहे ना? मग रडतो कशाला? विचार जाऊन कोणाला तरी."

विचारलं. वाचलं. आणि मला जे कळलं ते असं, की कंपनीची वॉरंटी नाही म्हणजे तुम्हाला हक्कच नाही, असं अजिबात नाही. वॉरंटी वेगळी, कायदा वेगळा. ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. वॉरंटीची माहिती स्पष्ट द्यायची जबाबदारीही त्याचीच. आणि ऑनलाइन बाजाराला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा.

मी त्या अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. शिव्या न देता. तारीख, ऑर्डर नंबर, 'वॉरंटी १ वर्ष' असं लिहिलेलं बिल, सर्व्हिस सेंटरनं दिलेला कागद, आणि मला काय हवंय ते एका ओळीत. एक तर दुरुस्तीचा खर्च द्या, नाहीतर कॅमेरा घेऊन पैसे परत करा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला.

पाच आठवडे लागले. शेवटी विक्रेता अर्धा खर्च द्यायला तयार झाला, तेरा हजार सातशे. त्याचं म्हणणं, वॉरंटी आमची होती, तुम्ही आमच्याकडे न पाठवता बाहेर दुरुस्त केला. माझं म्हणणं, तुम्ही फोन उचलत नव्हता. मी अर्ध्यावर मान्य केलं, कारण लग्नसराई चालू होती. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही.

न मानता लढलो असतो तर? तेही सांगतो, कारण तुमच्यातल्या कोणाला लढावंसं वाटेल. आधीच्या, १९८६ च्या कायद्यात बहुतेक वेळा विक्रेता जिथला, तिथे जावं लागायचं किंवा व्यवहार आपल्याकडे झाला हे पटवावं लागायचं. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी जामखेडच्या माणसानं अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. दिल्लीला नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार भरता येते. मुदत दोन वर्षांची.

आणि माझ्यासारख्यांसाठी खास गोष्ट. विक्रेता म्हणू शकतो, 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही.' पण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'मध्ये धरत नाहीत. गावोगाव एकट्यानं फोटो काढणारा, लॅपटॉपवर डिझाइन करून देणारा, शिलाई मशीन घेणारी ताई, हे सगळे ग्राहकच.

बिल दिलं नाही, तीही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा. 'विकलेला माल परत घेणार नाही' हे छापून सदोष माल गळ्यात मारणं, तेही चालत नाही. पन्नास वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा यातलं काहीच कायद्यात नव्हतं. लोकांनी भांडून मिळवलंय. आपण निदान वापरावं तरी!

आता हिशेब करू. एक लाख सोळा हजारांचा कॅमेरा. दुरुस्तीचे माझे निम्मे तेरा हजार सातशे. पार्टीला सोडलेले आठ हजार. भाड्याच्या कॅमेऱ्याचे साडेचार हजार. झाले एक लाख बेचाळीस हजार दोनशे. नगरच्या दुकानात होता एक लाख अडतीसला. म्हणजे बावीस हजार वाचवायला गेलो आणि बेचाळीसशे जास्त घालवले. पुण्याच्या फेऱ्या आणि झोप धरलीच नाही. आणि एवढं करून पुढचे आठ महिने डोक्यावर भीती, की परत बिघडला तर?

मी असं म्हणत नाही की ऑनलाइन घेऊ नका. मीही घेतो. जामखेडमध्ये सगळं मिळत नाही, आणि अधिकृत विक्रेतेही ऑनलाइन असतातच, सणाला चांगली सूटही देतात. आडवाटेचा माल घ्यायचा असेल तर तोही घ्या, पण माहीत असून घ्या. ज्या किमतीत वस्तू मिळतीये त्यात एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च मनातल्या मनात मिळवा. तरी स्वस्त पडतीये का? पडत असेल आणि तेवढा धोका तुम्हाला झेपत असेल, तर घ्या. पण पैसे उसने असतील, कर्जाचे असतील, आईच्या गटाचे असतील, तर नका घेऊ. त्या पैशांवर पैज लावायची नसते.

आईचा हप्ता गेल्या महिन्यात संपला. शेवटचा हप्ता भरून आली आणि म्हणाली, "आता पुढचा कॅमेरा घेशील तेव्हा मला तो कागद वाचून दाखव." मी हो म्हटलंय.

तुमच्या माळ्यावर पण असेल असा एखादा कागद. आज काढा, वाचा, आणि वचन कोणाचं आहे ते बघा. भाग उपयोगी वाटला तर घरात जो सध्या नवीन मोबाइल शोधतोय ना, त्याला पाठवा. आजच पाठवा, घेतल्यावर पाठवून उपयोग नाही.

चला, खाली ट्रॅक्टर थांबलेत, मीही थांबतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, बिल घ्या!